दप्तर मावेनासे होते तेव्हा

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत तीत एकही लढाई नाही. कागद ठेवावयास जागा पुरेनाशी झाली म्हणजे माणसांनी काय काय केले, एवढाच आजचा विषय आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु मुरुडच्या बाजारात उभ्या असलेल्या कोणाही शेतकऱ्यास विचारून पाहावे. पणज्याच्या नावाची एक ओळ कोणत्या कागदावर होती आणि तो कागद आज कोठे आहे, यावर त्याच्या घरातील जमीन, भाऊबंदकीतला दावा, मुलाचा दाखला असे पुष्कळ काही अडलेले असते.

संगणकवाले ज्याला टेबल म्हणतात त्याला आपण कोष्टक म्हणू. उभे रकाने आणि आडव्या ओळी. रकाने ठरलेले असतात, ओळी मात्र वाढत जातात. १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने असा विचार मांडला की सर्व माहिती अशा कोष्टकांतच ठेवावी आणि सामाईक खुणेने ती एकमेकांशी जोडावीत. आज बँकेपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत जिकडे तिकडे त्याच विचाराचा अंमल आहे. कॉडचे मोठेपण मान्य करूनही असे म्हणावयास हरकत नाही की आपल्या तलाठ्याला त्यात फारसे नवल वाटले नसते. सातबारा आणि आठ-अ यांना जोडणारा खाते क्रमांक ही तशीच एक खूण होय.

अडचण कोष्टकाची नसते, भांड्याची असते. आपल्याकडे ज्वारीसाठी पेव खणीत. एक पेव पुरेसे नसेल तर दुसरे खणता येते, पण ते सुगीच्या आधी. धान्य खळ्यावर पडले आहे, आभाळ भरून आले आहे आणि घरधनी कुदळ शोधतो आहे, अशी स्थिती झाली म्हणजे काय होते ते येथे कोणास सांगावयास नको. डिस्क काठोकाठ भरल्यावर जागा शोधणाऱ्याची गत याहून निराळी नसते.

आता थोडे मागे जाऊ. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांना त्यात इतिहासाची गोडी नव्हती. कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे, एवढे त्यांना पाहावयाचे होते. इनामांच्या चौकशीच्या काळात त्यात आणखी कागदांची भर पडत गेली. शेवटी १८९१ साली पुण्यात या दप्तरासाठी दगडी इमारत उभी राहिली आणि पुढे पेशवे दप्तर याच नावाने ती ओळखली जाऊ लागली. तेथील रुमालांची संख्या सुमारे ३५,००० असून त्यांपैकी २७,००० हून अधिक मराठीचे, बहुतेक मोडीत लिहिलेले आहेत. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापले, तेव्हा कोठे सामान्य वाचकास त्या इमारतीच्या आत काय आहे याचा अंदाज आला.

त्या दप्तरात एक गोष्ट आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने मोठी बोधक आहे. तेथे रोजकीर्द हा स्वतंत्र विभाग होता. ज्या दिवशी जे घडले ते त्या दिवशी, त्याच क्रमाने लिहावयाचे, ही रोजकीर्द. मग त्यातून खातेवार उतरवून काढावयाचे, ती खतावणी. वाण्याच्या दुकानातही हीच रीत असे. खतावणी जळाली तर रोजकीर्दीवरून ती पुन्हा बांधता येते, रोजकीर्द जळाली तर खतावणीवर विश्वास तेवढा उरतो. महसुलात आजही तेच आहे. सातबारा ही खतावणी आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ही तिची रोजकीर्द. सातबाऱ्यावरील प्रत्येक नावाशेजारी फेरफाराचा नंबर लिहिलेला असतो, तो उगीच नव्हे. हे नाव येथे कसे आले, याचा जबाब तो नंबर देतो.

मुरुडच्या कागदांचा प्रवास मात्र पुण्याच्या वाटेने झाला नाही. आपला भाग निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होता. हैदराबादचा जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९०७. कागद उर्दूत, त्याआधीचे फारसीत, गावपातळीवरचे पुष्कळसे मोडीत. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५४-५५ साली खासरा पत्रक तयार झाले आणि मराठवाड्यातील जमिनीच्या वादांत वकील मंडळी आजही त्याच्यापर्यंत मागे जातात. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६७ च्या ऑगस्टपासून लागू झाली आणि १९७१ च्या नियमांनी अधिकार अभिलेखांचे आजचे नमुने ठरवून दिले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. म्हणजे पस्तीस वर्षांच्या आत एकाच गावाच्या दप्तराने राज्य, जिल्हा, लिपी आणि नमुना, चारही गोष्टी बदललेल्या पाहिल्या. दर वेळी गठ्ठे बांधले गेले, गाडीत घातले गेले आणि नव्या खोलीत उतरवले गेले. अशा स्थलांतरात किती उतरते आणि किती वाटेत राहते, हे घर बदललेल्या प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे.

आता सातबाऱ्याच्या पानाकडे जरा निरखून पाहू, कारण संगणकाचे सारे दुखणे त्या एका पानात दिसते. जमीन विकली गेली तर जुन्या धन्याचे नाव पुसून टाकत नाहीत. त्याला कंस करतात आणि खाली नवे नाव लिहितात. कंसातले नाव कायद्याच्या दृष्टीने गेले, पण पानावरची जागा त्याने अडवलेलीच असते. वारस लागतात, सोसायटीचा बोजा चढतो व उतरतो, पुन्हा खरेदीखत होते. काही वर्षांत पान कंसांनीच भरून जाते. म्हणून साधारण दहा वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन करीत. नव्या कोऱ्या पानावर फक्त चालू नावे उतरवावयाची आणि जुने पुस्तक रेकॉर्डात ठेवावयाचे.

मोठ्या कोष्टकांवर काम करणारे पुष्कळ जण याच ठिकाणी फसतात. पोस्टग्रेस नावाची डेटाबेस प्रणाली घेऊ. कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या कामातून ती वाढली आणि आज जगभर वापरली जाते. तीत ओळ काढून टाका असा हुकूम दिला तरी ओळ जागच्या जागी राहते, तिला फक्त कंस होतो. डिस्क भरत आली म्हणून घाबरलेला माणूस दहा लाख जुन्या ओळी काढून टाकतो आणि पाहतो तो जागा तेवढीच! मग व्हॅक्यूम नावाची झाडलोट करावी लागते. तिने कंसातल्या जागा पुन्हा लिहावयास मोकळ्या होतात, पण त्या बहुधा त्याच कोष्टकाला मिळतात, डिस्कला परत जात नाहीत. डिस्क मोकळी करावयाची तर संपूर्ण पुनर्लेखन हवे. आणि खरी मेख अशी की पुनर्लेखन म्हणजे जुन्या पुस्तकाशेजारी नवे पुस्तक. नवे लिहून पुरे होईपर्यंत जुने फाडता येत नाही. सबब जागा मोकळी करण्यासाठी आधी जागा मोकळी असावी लागते. शंभर खोल्यांच्या वाड्यात नव्वद खोल्या एकाच कोष्टकाने व्यापल्या असतील, तर उरलेल्या दहांत त्याचे पुनर्लेखन होणार नाही.

यावर उपाय दोनच. एक म्हणजे दुसऱ्या डिस्कची उसनी जागा. दुसरा उपाय आपल्या महसूल खात्याने फार पूर्वी केला आहे, तो म्हणजे कोष्टक मुळातच एक ठेवू नये. सातबारा राज्याचा एक नसून गावाचा असतो. एका गावाचे पुनर्लेखन चालू असता शेजारच्या गावाचे काम अडत नाही. संगणकातही कोष्टक वर्षवार किंवा जिल्हावार तोडून ठेवतात. जुने वर्ष नको झाले की त्याचा तुकडा तेवढा उचलून बाजूला ठेवता येतो. ओळीओळीला कंस करीत बसावे लागत नाही.

पण तुकडे केले की तुकड्यांपलीकडचे दिसेनासे होते, हाही अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. १९६१ साली शेतजमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला. आता सरकारला हवे होते ते हे की अमुक माणसाची सगळ्या गावांत मिळून जमीन किती. दप्तर तर गाववार! एका गावच्या आठ-अवर त्या गावापुरतीच बेरीज. तेव्हा कायद्यानेच जमीनधारकांवर विवरणपत्र भरून देण्याची जबाबदारी टाकली. ज्याची जमीन जावयाची त्यालाच आपली जमीन मोजून सांगावयास लावले. त्यातून काय निष्पन्न झाले ते आमच्यापेक्षा या सभेतील वडीलधाऱ्यांना अधिक माहीत असेल. कोष्टक कसे तोडावे हे ठरवताना पुढे कोण कोणता प्रश्न विचारणार याचा विचार आधी करावा लागतो, एवढेच आम्ही म्हणतो.

रोजकीर्दीकडे पुन्हा वळतो, कारण सर्वांत मोठे अपघात तिच्याच बाबतीत झाले आहेत. पोस्टग्रेससारख्या प्रणालीत प्रत्येक बदल आधी रोजकीर्दीत लिहिला जातो आणि मग कोष्टकात चढतो. वीज गेली, यंत्र बंद पडले, तर रोजकीर्द वाचून कोष्टक सावरता येते. या रोजकीर्दीचे जुने भाग दुसरीकडे नेऊन ठेवण्याची व्यवस्था बिघडली की ते साचत जातात आणि एके दिवशी डिस्क भरते. माणूस पाहतो तो एका कप्प्यात ढीगभर फायली, आणि कप्प्याच्या नावात लॉग हा शब्द. लॉग म्हणजे यंत्राची बडबड, टाकून दिली तरी चालेल, असे समजून तो ढीग पुसतो, आणि त्याबरोबर सगळे कोष्टक गमावून बसतो. हे इतक्यांदा घडले की २०१७ साली निघालेल्या दहाव्या आवृत्तीत त्या कप्प्याचे नावच बदलण्यात आले. जागा भरली असता प्रथम तात्पुरत्या फायली पाहाव्यात, मग न वापरलेल्या सूची पाहाव्यात. रोजकीर्दीला हात लावू नये, ती का साचली ते शोधावे.

सूचींचे नाव निघाले म्हणून सांगतो. सूची हीदेखील जागा खाते. नावावरून शोधण्याची एक, गटावरून शोधण्याची एक, तारखेवरून एक, असे करता करता सूचींचे वजन मूळ दप्तराएवढे होते. तथापि सूचीविना दप्तर म्हणजे कुलूप आहे आणि किल्ली नाही. काटकसर करावी, पण कोणती सूची कोण वापरतो हे विचारून.

महाराष्ट्रातील जमीन अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पहिला प्रयोग वर्धा जिल्ह्यात, केंद्राच्या १९८८-८९ च्या योजनेत झाला. मग अनेक वर्षांच्या खटपटीनंतर सातबारा संगणकावर आला. २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. संगणकातील नोंदी लोकांपुढे वाचून दाखवावयाच्या आणि ज्याचे नाव चुकले असेल त्याने उठून सांगावयाचे. नव्या यंत्राची तपासणी जुन्या चावडीवर व्हावी, ही गोष्ट आम्हांस फार आवडली. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला.

येथे थोडा हिशेब करू. राज्यात सातबारे सुमारे अडीच कोटी आहेत. एका सातबाऱ्याचा मजकूर चार किलोबाइट धरला तर सगळ्यांचे मिळून शंभर गिगाबाइट होतात. हे आजकाल खिशात मावते. मग जागा जाते कोठे? ती जाते छायाप्रतींत. एक जुने पान छायाप्रतीने घेतले आणि ते तीनशे किलोबाइट झाले असे धरले, तर एक कोटी पानांना तीन टेराबाइट लागतात, आणि पाने एक कोटीवर थांबत नाहीत. पुन्हा एक प्रत जळाली तर दुसरी हवी, म्हणजे दुप्पट. म्हणून जाणते लोक छायाप्रत कोष्टकात कोंबत नाहीत. ती वेगळ्या कोठीत ठेवतात आणि कोष्टकात तिचा पत्ता तेवढा लिहितात. रुमाल मांडणीवर आणि रुमालाचा नंबर यादीत, ही पुण्याची रीत याहून वेगळी नव्हती.

आधारचे उदाहरणही महाराष्ट्रातलेच. पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिला गेला. आखणीत माणशी तीन ते पाच मेगाबाइट धरले होते, कारण बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे ही चित्रेच. सव्वाशे कोटींना पाच मेगाबाइटने गुणा. सहा हजार टेराबाइटच्या वर आकडा जातो. एवढी माहिती एका यंत्रात ठेवण्याचा विचारच कोणी केला नाही. ती अनेक साध्या यंत्रांवर वाटून ठेवली.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. जागा वाढवता येत नसेल तेव्हा कागद कमी करतात. महसुली रेकॉर्डाचे वर्ग ठरलेले आहेत. अ वर्ग कायमचा, ब तीस वर्षे, क दहा, क-१ पाच आणि ड एक वर्ष. मुदत संपली की नाश. पद्धत शहाणपणाची आहे, नाहीतर एव्हाना तहसील कचेरीत माणसांना उभे राहावयास जागा उरली नसती. परंतु एखाद्या कागदाचा वर्ग ठरतो तो त्या दिवसाच्या गरजेवरून, आणि कागद मागणारा येतो तो नातवाच्या पिढीत.

अमेरिकेने याची जबर किंमत दिली. तेथे १८८० च्या जनगणनेची मोजदाद पुरी होण्यास सात-आठ वर्षे लागली, म्हणून १८९० साली हर्मन हॉलेरिथच्या भोके पाडलेल्या पत्त्यांची यंत्रे वापरण्यात आली. सहा कोटींवर माणसे झपाट्याने मोजून झाली. मोजणारे यंत्र जगप्रसिद्ध झाले, मूळ याद्या मात्र वॉशिंग्टनमधील एका सरकारी इमारतीच्या तळघरात, अग्निरोधक खोलीच्या बाहेर, लाकडी मांडण्यांवर पडून राहिल्या. जानेवारी १९२१ मध्ये तेथे आग लागली. पुष्कळ याद्या जळाल्या, उरलेल्या पाण्याने भिजल्या. भिजलेल्यांचे काय करावे याचा निर्णय बारा वर्षे लागला नाही. अखेर २१ फेब्रुवारी १९३३ रोजी काँग्रेसने त्यांच्या नाशास संमती दिली. त्याच्या आदल्याच दिवशी त्याच शहरात राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इमारतीची कोनशिला बसवली गेली होती!

आणि कधी नाश कोणाच्या हुकुमाने न होता नुसत्या मर्यादेने होतो. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये करोनाच्या रुग्णांची यादी एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फायलीत भरली जात होती. तीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. पुढच्या ओळी गाळल्या गेल्या आणि कोणतीही घंटा वाजली नाही. १५,८४१ रुग्ण मोजणीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातील माणसांना वेळेवर निरोप गेले नाहीत. भरलेले भांडे सांडले तर दिसते तरी. हे भांडे सांडलेले दिसलेच नाही.

हे सारे आपल्या उंबऱ्याशी कसे येऊन ठेपले ते २०२३ साली आपण पाहिले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातील कचेऱ्यांत निजामकालीन दप्तरे उघडली गेली. आरक्षणाच्या वादात आम्ही शिरत नाही. तो विषय निराळा, व्यासपीठ निराळे. आम्ही पाहतो ते कागदाकडे. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, गाव नमुना चौदा म्हणजे कोतवाल बुक, शाळेचा प्रवेश निर्गम उतारा. हे लिहिले गेले तेव्हा शंभर वर्षांनी त्यातील जातीचा रकाना कोणी भिंग घेऊन वाचील, असे लिहिणाऱ्याच्या मनातही आले नसेल. ज्या गावचे पुस्तक राहिले त्या गावात नोंद सापडण्याची आशा, आणि ज्या गावचे वाळवीने खाल्ले तेथील माणूस, त्याचा पणजा शेजारच्या गावातील माणसाच्या पणज्याचा सख्खा चुलतभाऊ असला तरी, हात हलवीत परत.

शोध सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट उघड झाली. कागद होते, पण वाचणारे नव्हते. मोडी आणि जुनी उर्दू वाचणारी माणसे ठिकठिकाणाहून बोलवावी लागली. ती पाने छायाप्रतीने संगणकात गेली तरी यंत्राच्या लेखी ती पाने नसून चित्रेच असतात. नाव कोणते, गाव कोणते, फसली सन कोणता, हे कोणी वाचून रकान्यात लिहिल्याखेरीज त्या चित्राला सूचीत जागा मिळत नाही. आपल्या भागातील रुमालांचे हे वाचन बव्हंशी अजून हातानेच, एकेक ओळ लावून करावे लागते. मोडी चार-सहा महिन्यांच्या सरावाने वाचता येऊ लागते. मुरुडमध्ये दहा तरुण जरी शिकले, तरी सुरुवात करण्यास आपल्या गावचे कोतवाल बुक पुरेसे आहे.